गयाबाईंनी मांडीखाली घेतलेला फॉर्म

आज गयाबाईंच्या दहाव्याला एक गृहस्थ पुन्हा तेच बोलले, म्हणून हे लिहावं लागतंय.

"बाई चांगली होती, पण पोटुशी असताना गिऱ्हाण पाळलं न्हाई. पोरीला भोगावं लागलं."

बाईची राख झाली. तरी दोष तिचाच.

तर ऐका. मंगलला विचारूनच लिहिते आहे.

मंगल ही धावड्याच्या गयाबाईंची मुलगी. जन्मतः ओठ दुभंगलेला, टाळूलाही भोक. तिला अंगावरचं दूध ओढता येईना. गयाबाईंनी बोंडल्यानं थेंब थेंब दूध पाजून तिला जगवलं. ओठाचं ऑपरेशन एका शिबिरात झालं.

नव्वदच्या दशकात मी अशा ऑपरेशन झालेल्या मुलांच्या पाहणीचं काम करत होते. घरोघर जायचं, फोटो काढायचा, फॉर्म भरायचा. शेवटी आईची सही किंवा अंगठा.

मंगल तेव्हा सहा वर्षांची. ओठावरचे टाके सुरेख भरले होते. पोरगी गप्प. मला वाटलं, लाजते.

'रिझल्ट : चांगला' यावर मी टिक केली आणि पुढचा प्रश्न वाचला. गरोदरपणी ग्रहणात काही चिरलं होतं का?

होय, असा प्रश्न आमच्या फॉर्मवर होता. शिकलेल्या माणसांनी छापलेला.

गयाबाई म्हणाल्या, "गिऱ्हाण सुटेस्तोवर आंधारात बसले. पाणीबी प्याले न्हाई. माझ्या जावंनं त्याच गिऱ्हाणात वांगी चिरली, तीबी पोटुशी. तिचं पोरगं बघा, शिट्ट्या मारत हिंडून राह्यलंय."

मी शाईचा पॅड पुढे केला.

"आधी काय लिहिलं ते वाचा."

"रिझल्ट चांगला."

"कशाचा चांगला? मंगल, मॅडमला पापड म्हणून दाखव."

"मामड," मंगल म्हणाली. सगळा वारा नाकातून.

"वरून शिवलं, आतून कोण शिवणार? मास्तर शाळेत घेईना. म्हणतो, बोलायला लागली की आणा."

"गयाबाई, मला अजून दोन गावं करायची आहेत."

"मंग जा ना जल्दी. कागद इथंच राहील."

आणि फॉर्म मांडीखाली घेऊन बसल्या.

मी कुणाचं ऐकणारी नव्हे. त्या दिवशी ऐकलं. 'चांगला' खोडलं. लिहिलं : ओठ बरा, टाळू उघडी, बोलणं समजत नाही.

तेव्हा कुठे अंगठा मिळाला.

पाहणीचे प्रमुख डॉक्टर चिडले. "खाडाखोड केलेला फॉर्म चालत नाही."

"मग नवा छापा. त्यात बोलण्याचा कॉलम घाला आणि ग्रहण काढा."

महिनाभर भांडले. कॉलम आला. ग्रहण गेलं.

मंगलच्या टाळूचं ऑपरेशन पुढच्या वर्षी झालं. उशिराच.

मग गयाबाई रोज तिच्या नाकाखाली आरसा धरायच्या. म्हण, पापड. आरशावर वाफ धरली, म्हणजे वारा नाकातूनच गेला, की पुन्हा. मी जाईन तेव्हा ते कॅसेटवर भरून घ्यायचे.

पोरगी शाळेत गेली.

आज त्या गृहस्थांना मीच उत्तर देणार होते. मंगल आधी उठली.

"काका, माझ्या आईनं गिऱ्हाण पाळलं होतं. मी भोगलं ते तुमच्यासारख्यांच्या बोलण्यानं."

आवाज अजून जरा नाकातून येतो. पण शब्द न् शब्द कळला. गृहस्थ चहा न घेता गेले.

गयाबाई, निरोप घेते. तुमचा अंगठा बरोबर जागेवर आहे.

आज मंगलच्या हाती दिलं :
खोडलेला जुना फॉर्म, एक.
कॅसेट, एक. सुरुवातीला 'मामड', शेवटी 'पापड'.
मधे सगळा तिच्या आईचा आवाज. "परत म्हण."