म्हातारी व्हायव्हेत उभी राहिली

माझ्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला म्हातारीला बोलावण्याची दुर्बुद्धी माझीच. अहेरीकडच्या एका जंगलगावात मोहाच्या कोणत्या झाडाखालची फुलं कोणत्या घराने वेचायची, यावर मी पाच वर्षं काम केलं होतं. निम्मीअधिक माहिती त्या गावातल्या या म्हाताऱ्या बाईंनी दिलेली. व्हायव्हा खुली असते, कोणीही येऊन बसू शकतं. म्हटलं, पहिल्या रांगेत बाई दिसल्या की प्रबंधाला वजन येईल. शोभेसाठीच बोलावलं, आज कबूल करते.

सगळं छान चाललं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटी सहज विचारलं, "लिहिलेलं गावाला वाचून दाखवलंत ना?"

"हो सर, ग्रामसभेत."

साफ खोटं. मुदत संपत आली होती, मार्गदर्शक मागे लागले होते, जाणं राहून गेलं. अशा थापा सगळेच मारतात.

म्हातारी उभी राहिली. "नाई जी साहेब. आमच्या गावात काईच वाचलं नाई."

मार्गदर्शकांनी कपाळाला हात लावला. मी दबक्या आवाजात म्हटलं, "बाई, बसा ना."

"कशी बसू? आमच्या सभेत गप राह्यलं का होकार धरतेत. गावात जाऊन काय सांगू, मी होकार देऊन आली म्हणून?"

त्या रागावल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी हीसुद्धा सभाच होती, आणि सभेत खोटं बोललं गेलं तर तिथल्या तिथे सांगायचं असतं.

पाच वर्षं पाण्यात गेली असं धरून मी खाली मान घालून उभी राहिले. परीक्षकांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि चक्क हसले. "फील्डवर्क जिवंत आहे हो तुमचं!" म्हणाले आणि मी पास झाल्याच्या अहवालावर सही केली. टाळ्या वाजल्या, पेढे फिरले. भर सभेत माझं खोटं पकडलं गेलं होतं आणि कोणाचंच काही अडलं नव्हतं. नापास केलं असतं तर एवढा धक्का बसला नसता.

मी पेढा पुढे केला. बाईंनी घेतला नाही.

"साहेबाले आयकू नाई आलं का वं?"

"आलं ना."

"मंग सही कशी केली त्याईनं?"