आडवी काटी, मायलिन आणि अर्धा सिद्धगड

हॉस्टेलला होय की नाही ते सोमवारी कळवायचं होतं, आणि माझा पाय घरात ठरेना. माझ्या सोळा वर्षांच्या लेकीला, मुक्ताला, खो-खोसाठी नाशिकला एकटीनं राहायचंय. माझं म्हणणं, अजिबात नाही. रविवारी सकाळी म्हटलं, चल सिद्धगडला, वाटेत बोलू.

शहापूरहून स्कूटरनं किन्हवली, सरळगाव, मुरबाड. मधे मधे रस्ता उखडलाय, कंबर सांभाळा. म्हशाची जत्रा नुकतीच उठलेली, मैदानात बैलांचे खुंटे अजून तसेच. तिथं चहा घेताना मी विषय काढलाच. जीवशास्त्र शिकवते ना, खोड जाणार कुठं!

"मेंदूतल्या तंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण चढतं, म्हणून निरोप झपाट्यानं पोचतात. कपाळामागचा भाग, जो 'थांब, विचार कर' म्हणतो, तिथं ते सगळ्यात शेवटी पुरं होतं. पंचविशीच्या आसपास. तुझं अजून चढतंय."

"मग तोवर मला कपाटात ठेव," मुक्ता फणकारली.

नारिवलीला गाडी लावून आम्ही धुसफुसतच माची गाठली. वाडीत हौसाबाईंकडे जेवण मिळतं: तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, माणशी दीडशे. आहाहा! वाढता वाढता त्या म्हणाल्या, "वर जाता तर बघून जा गो. काटी आडवी टाकलेली दिसली तर ती वाट आमी बंद केलीय. दरड कोसळलीय तितं, जायाचं नाय." मी घड्याळ बघत हूं हूं करत होते.

बालेकिल्ल्याकडे चढताना दोन वाटा फुटल्या. जवळच्या वाटेवर काटेरी फांदी आडवी.

"आई, थांब. मावशींनी सांगितलंय."

"वाऱ्यानं पडली असेल गं. उशीर होतोय!" मी फांदी ओलांडली, चार पावलं टाकली आणि पायाखालची माती सुटली. घसरत एका दगडाला अडकले. खाली नुसती दरी. भीतीनं रडूच फुटलं मला.

मला वाटलं, ही आता धावत येणार आणि दोघी जाणार. ती आली नाही.

"तिथंच बस. उठू नकोस," ती म्हणाली. तिनं झाडाला पाय अडकवला, आडवी झाली, जॅकेटची बाही खाली सोडली. "आता ये. हळू."

गड राहिला. उतरताना दोघींपैकी कुणीच मायलिनचं नाव काढलं नाही.

घरी आल्यावर मात्र मला राहवेना. वर्गात त्याच धड्यात पुढं सांगते ते मुक्ताला सांगितलंच नव्हतं, ते आता सांगितलं: मेंदूतल्या ज्या वाटा वापरात राहतात, त्यांवर हे आवरण जास्त चढतं. कपाटात ठेवून नाही चढत.

सोमवारी फोन करून होय कळवलं. आता मुक्ता बॅग भरतेय आणि मी सारखी दारात: स्वेटर घेतलास? औषधं?

"आई, तिथंच बस. उठू नकोस."

बसलेय.