वाकणी नदीचा उंबरठा

राजाराम गुरुजींना शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण भूगोल काही त्यांना सोडत नव्हता. भूगोल म्हणजे वाकणी नदी. जगाच्या नकाशात शोधू नका, जिल्ह्याच्या नकाशातही ती केसाएवढी रेघ आहे. वरच्या सड्यावर कातळात उगम, मधे तीन वाड्या आणि साडेनऊ किलोमीटरवर खाडी. हे अंतर गुरुजींनी स्वतःच्या पायांनी मोजलं होतं, कारण सरकारी कागदावर नदी कधी सात किलोमीटर असायची, कधी बारा. साहेब बदलला की नदीची लांबी बदलायची.

नदीच्या अगदी शेवटी बौद्धवाडी. गाव वसवणाऱ्यांनी वरचं पाणी स्वतःकडे ठेवलं होतं. एवढा भूगोल त्यांनाही येत होता. पण वाडीच्या खालच्या अंगाला नदीत काळ्या कातळाची कमरेएवढी आडवी पायरी होती. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचं खारं पाणी वर चढत यायचं आणि या पायरीला टेकून मुकाट मागे फिरायचं. वाडी तिला उंबरठा म्हणायची. उंबरठ्याच्या आत, काठावर, वाडीची विहीर. तिचे चिरे गुरुजींच्या आईने डोक्यावरून वाहिले होते. त्याआधी वरच्या वाडीच्या विहिरीशी, कोणी वरून पाणी ओतेल का म्हणून, ती रिकामी घागर घेऊन ताटकळायची. त्यामुळे या विहिरीच्या बाबतीत गुरुजी हळवे होते आणि ते लपवतही नसत.

अशा या नदीचं यंदा पुनरुज्जीवन निघालं. ती मेली कधी, हे वाडीला कोणी कळवलं नव्हतं. देशावरून नव्याने बदलून आलेले इंजिनिअर गौरव साहेब फेब्रुवारीत हातखंब्यावरून गाडीने आले, ड्रोन उडवला, चहा घेतला आणि गेले. आराखड्यात उंबरठ्यावर लाल फुली पडली: ‘प्रवाहातील अडथळा, फोडून काढणे.’ साहेब आले ते भांगाच्या दिवसांत. तेव्हा भरतीला जोर नसतो आणि खारं पाणी अर्धा किलोमीटर खालीच लोळत असतं.

उंबरठा फुटला की पहिल्याच उधाणाला विहीर खारट. गुरुजींनी अर्ज दिला. अर्जावर शिक्का पडला, म्हणजे कार्यालयाच्या दृष्टीने विषय संपला. मग ते स्वतःच साहेबांसमोर जाऊन बसले.

“गुरुजी, आमचा ड्रोन सेंटिमीटरपर्यंत मोजतो,” साहेब म्हणाले.

“मोजत असेल. पण मोजलं त्या दिवशी तिथी कोणती होती?”

साहेब गालात हसले. त्यांना वाटलं, म्हातारा मुहूर्ताचं विचारतोय. “तिथी वगैरे तुम्हीच बघा. शुभारंभाचा दिवस तुम्ही सुचवाल तो.”

ज्या माणसाने स्वतःच्या लग्नालाही मुहूर्त पाहिला नव्हता, त्याच्याकडे सरकारी कामाचा मुहूर्त आला. गुरुजींनी क्षणभरही वेळ न दवडता सांगितलं, “बुद्धपौर्णिमा. सकाळी अकरा.”

सरपंच भिकाशेठ तर खूशच झाले. “झकास! चाकरमानी पन आलेले असतील, मानसं आयतीच जमतील.” शेठ राहायला वरच्या वाडीत, रस्त्याला लागून. नदीच्या खालच्या टोकाला ते पाच वर्षांतून एकदा, मतं मागायला उतरत. तेही भरती-ओहोटी न बघता.

पौर्णिमेला सकाळी उंबरठ्याखालच्या कोरड्या वाळूवर मांडव उभा राहिला. गालिचा आला, पोकलेनला हार पडला. गुरुजींच्या पत्नी कमलाबाई त्यांच्या कानाशी लागल्या, “आवो, पानी नाय चढला तर?”

“चढेल,” गुरुजी म्हणाले. पण त्यांची नजर खाडीवरून हलत नव्हती. पाणी वीतभर जरी कमी पडलं, तरी दुपारपर्यंत उंबरठ्याची खडी झाली असती, आणि मुहूर्त काढून देणारे ते स्वतःच.

भिकाशेठ नदीमातेबद्दल बोलायला उठले. ते विकासावर आले तेव्हा गालिचा ओला झाला. जलसमृद्धीवर आले तेव्हा पाणी घोट्याला लागलं. “अरे, हे कुठनं येतंय?” शेठनी माईकवरूनच विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मुद्द्याचा प्रश्न विचारला होता. खुर्च्या तरंगू लागल्या, पोकलेनवाला टपावर चढून बसला, आणि पाहुणे हातात बूट घेऊन धावत सुटले ते थेट उंबरठ्यावर. तेवढीच जागा कोरडी होती. पोकलेनचा हार उलटा, उगमाच्या दिशेने वाहत आला आणि त्यांच्या पायांशी अडला.

“अजून किती चढणार?” साहेबांचा चेहरा उतरला होता.

“आता नाही. तुम्ही ज्याच्यावर उभे आहात ना, त्याला टेकलं की फिरतं.”

साहेबांनी वाकून बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकले. कमलाबाईंनी विहिरीच्या पाण्याचा तांब्या पुढे केला. साहेबांनी तो सगळा संपवला आणि विहिरीकडे पाहिलं. मग त्यांनी आराखडा काढला आणि खिसे चाचपले. पेन मांडवात राहिलं होतं.

गुरुजींनी खिशाला लावलेलं, वह्या तपासायचं लाल पेन काढून दिलं. साहेबांनी फुली खोडली आणि शेजारी सही केली.

“तारीख घाला,” गुरुजी म्हणाले, “आणि वेळही. ओहोटी लागायच्या आत.”