लाल बोयावरचा आकडा

डोक्यावर औषधालाही केस नसलेल्या माणसाचं नाव केस असावं, हा विनोद रॉटरडॅममधल्या मराठी मंडळींना वर्षभर पुरला. केस हे डच माणसाचं अगदी साधं नाव, पण मराठी कानाला त्याचा काय इलाज? शैलेंद्रच्या बायकोने, नीलांबरीने, पहिल्याच भेटीत त्यांचं 'केसकाका' करून टाकलं आणि सहासष्ट वर्षांच्या त्या धिप्पाड गृहस्थांनी ते नाव मुकाट्याने घेतलं. बंदरावर चौतीस वर्षं क्रेन चालवून ते निवृत्त झाले होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते तळमजल्यावर राहायचे आणि शैलेंद्र त्यांच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर.

शैलेंद्र कोथरूडचा. घरात अंड्याचं नाव काढायचं तरी आवाज खाली आणणारं कुटुंब. दोन हजार तीन साली जहाजांच्या मालाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर लिहायला तो इथे आला, आणि शनिवार-रविवारचं करायचं काय, हे त्याला कळेना. असाच एका शनिवारी केसकाकांच्या बोटीचा ट्रेलर इमारतीसमोर अडकला होता. हा बापडा ढकलायला गेला आणि दुपारी बाराला हारिंगफ्लीटच्या मधोमध हातात गळ घेऊन बसलेला होता. हारिंगफ्लीट म्हणजे एके काळचा समुद्राचा फाटा. धरण बांधून अडवला, तेव्हापासून पाणी गोडं झालं. पण ऐसपैसपणा समुद्राचाच राहिला.

केसकाकांचा सगळा जीव एका माशावर होता. स्नूकबार्स त्याचं नाव. काचेसारखे डोळे, पाठीवर काटेरी पंख आणि स्वभाव कमालीचा संशयी. तो तळाशी बसतो. बोट वाऱ्याबरोबर हळूहळू सरकू द्यायची, दोरी अगदी सरळ खाली सोडायची, रबरी मासा तळाच्या वीतभर वर नाचवायचा आणि मनगटाला एकच 'टक्' जाणवली की त्याच क्षणी ओढायचं. अर्धा सेकंद उशीर झाला की मासा गेला. दहा मीटरपेक्षा खोल पाण्यात काका गळ टाकत नसत. तिथून वर ओढलेला मासा आतून फाटतो, सोडला तरी जगत नाही, आणि जो जगणार नाही तो पकडण्यात कसली मर्दुमकी, असं त्यांचं म्हणणं. पकडलेला प्रत्येक मासा मोजून परत पाण्यात जायचा. खायचं नाही तर पकडायचं कशाला, असं नीलांबरीने एकदा विचारलंही. काकांच्या मासेमारी क्लबातल्या लोकांना मात्र हा न खाणारा भारतीय फार आवडला. पाण्यावर बोटी समोरासमोर आल्या की ते त्याला बोटांनी खूण करून किती मीटरवर मासा लागतोय ते सांगत, आणि निम्म्या वेळा चक्क खोटं सांगत. तेही मैत्रीचंच लक्षण, असं काकांनी समजावलं होतं.

बोटीत कायदा एकच होता, डच सोडून दुसरी भाषा नाही. दोन हिवाळ्यांत शैलेंद्र चांगला बोलू लागला. ऑफिसातल्या बाकीच्या भारतीयांना दुकानात भाकरीसुद्धा इंग्रजीतून मागावी लागे आणि हा काकांबरोबर हवामानावर वाद घालायचा. त्याला त्याचा अभिमान होता, आणि थोडा जास्तच होता.

दोन हजार पाचच्या नोव्हेंबरमधला शनिवार होता. सकाळी नऊला पाणी स्वच्छ दिसत होतं आणि दहाला धुकं असं उतरलं की बोटीच्या दुसऱ्या टोकाला बसलेले काका पुसट झाले. काकांनी गळ गुंडाळायला सांगितलं. तेवढ्यात कुठूनतरी इंजिनाची जड घरघर ऐकू आली. शंभर मीटर लांबीची मालवाहू बार्ज. ती डावीकडे आहे की उजवीकडे, ते कळेना, पण जहाजांच्या वाटेत आपणच बसलोय हे दोघांनाही कळलं.

काकांनी इंजिनाची दोरी ओढली. सुरू होईना. परत ओढली. सहाव्या-सातव्या झटक्याला ते थांबले, छातीवर हात ठेवून खाली बसले आणि तसेच आडवे झाले. चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता आणि थंडीत कपाळावर घाम होता.

बोटीच्या पुढे बॅटरीवरची एक छोटी मोटर होती, सावकाश सरकायला. तिचं पेडल दाबून शैलेंद्र घरघरीच्या उलट दिशेला निघाला. थोड्या वेळात धुक्यातून एक लाल पत्र्याचा बोया पुढ्यात आला. जहाजांच्या वाटेच्या कडेकडेने असे आकडे घातलेले बोये तरंगत ठेवलेले असतात. त्याने बोयाच्या कडीतून दोरी ओवली आणि तिचं टोक तळहाताला गुंडाळून घट्ट धरलं. त्याने बांधलेली गाठ नेहमी सुटायची, म्हणून आज गाठीवर भरवसा ठेवला नाही. बार्ज मागून निघून गेली. तिच्या लाटांनी बोट बोयावर आपटली आणि दोरी कातडीत रुतली.

दुसऱ्या हाताने त्याने एक-एक-दोन हा तातडीच्या मदतीचा नंबर लावला. पलीकडून एक बाई डचमध्ये बोलल्या आणि हाही डचमध्येच बोलला. इंग्रजी चाललं असतं. पण डच बोललं तर लवकर येतील असं त्याला वाटलं, आणि खरं सांगायचं तर इंग्रजीकडे वळावं असं मनातच आलं नाही. माणूस सहासष्ट वर्षांचा, छातीत कळ, हारिंगफ्लीट, धुकं, लाल बोया. सगळं नीट सांगितलं. बोयावरचा आकडा बाईंनी विचारला. समोर पांढऱ्या रंगात ठळक लिहिलेला होता, चोवीस. त्याने तो वाचला. खाली पडलेल्या काकांनी त्याची बाही पकडली आणि ओढायला लागले. तो म्हणाला, काका, हलू नका, येतायत ते.

पहिली दहा मिनिटं गेली. त्याने मोकळ्या हाताने बोटीतली ताडपत्री काकांवर ओढली. पंधरा झाली. वल्ह्याचा नाही, इंजिनाचा नाही, कसलाच आवाज नाही. काकांचा श्वास भराभर, उथळ चालला होता. याच्या डोक्यात नको ते विचार येऊ लागले, की हे असेच माझ्या पायाशी गेले तर, आणि मी नुसता दोरी धरून बसलो तर.

अठराव्या मिनिटाला फोन वाजला. त्याच बाई. बचावाची बोट बोयापाशी पोहोचली आहे, भोंगा वाजवते आहे, ऐकू येतोय का? त्याने कान दिला. काहीच नाही. तुम्ही बोयाजवळच आहात ना? तो म्हणाला, जवळ काय, माझ्या हातात आहे. धुक्यात आवाज फसवतो, त्या म्हणाल्या, ते आणखी शोधतील. तोवर पेशंटचे श्वास मिनिटभर मोजून सांगा.

त्याने घड्याळावर नजर ठेवली आणि काकांच्या छातीकडे बघत मोजू लागला. एक, दोन, तीन. घाबरलेला माणूस आईच्या भाषेत मोजतो. ऑफिसात दिवसभर इंग्रजी आकडे बोलणारा शैलेंद्र बालवाडीतल्यासारखा मोजत होता. एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस. मिनिट संपलं.

आता हे डचमध्ये सांगायचं. चोवीस. चार आणि वीस. फीर-एन-ट्विंतिख, चार-आणि-वीस. आपल्यासारखंच, आधी एकक आणि मग दशक. इतकं सोपं. आणि मग त्याची नजर बोयाकडे गेली, आणि अठरा मिनिटांपूर्वी आपण काय बोललो ते त्याला शब्दन् शब्द ऐकू आलं. इंग्रजी शाळेत शिकलेल्या पोराने तो आकडा डावीकडून उजवीकडे वाचला होता. आधी दोन, मग चार. ट्वे-एन-फेर्तिख. दोन-आणि-चाळीस. बेचाळीस. बेचाळीसचा बोयाही लालच होता, फक्त बारा किलोमीटर पलीकडे.

"टू, फोर," तो फोनमध्ये ओरडला. "नॉट फोर टू. टू. फोर."

मग बाई इंग्रजीतून, अगदी शांतपणे म्हणाल्या की समजलं, दोन आणि चार.

पुढची तेरा मिनिटं त्याने काकांचा प्रत्येक श्वास मोजला. एखादा लांबला की याचाही अडकायचा. मग भोंगा ऐकू आला, आधी अस्पष्ट, मग जवळ, आणि नारिंगी कपड्यांतली दोन माणसं धुक्यातून बोटीत उतरली. तळहातातली दोरी त्यांना सोडवून घ्यावी लागली. त्याची बोटं उघडत नव्हती.

काका वाचले. पण हृदयाचा एक भाग कायमचा गेला. डॉक्टर शैलेंद्रला नातेवाईक समजून सगळं सांगत होते. अशा वेळी प्रत्येक मिनिट मोलाचं असतं, ते म्हणाले. वीस मिनिटं आधी आणलं असतं तर चित्र वेगळं असतं, पण धुक्याला कोण काय करणार? तिथे शैलेंद्रने बोलायला हवं होतं आणि तो बोलला नाही.

मग ते बोलणं राहूनच गेलं. क्लबाच्या पत्रकात छापून आलं की धुक्यामुळे बोट सापडायला वेळ लागला, तरी भारतीय सभासदाने प्रसंगावधान राखलं. दर शनिवारी तो नीलांबरीने केलेला उपमा नाहीतर खिचडी घेऊन खाली जायचा. काका दोन जिने चढू शकत नव्हते. ट्रेलर विकला, बोटही विकायला काढली. काका तळमजल्याच्या खिडकीत बसून वारा कुठून येतो ते सांगायचे, आणि शैलेंद्र मान डोलवायचा आणि घरी येऊन जेवायचा नाही. नीलांबरीने एकदा खोदून विचारलं, तेव्हा त्याने तिला सांगितलं. ती म्हणाली की मला सांगून काय उपयोग.

फेब्रुवारीत क्लबाची वार्षिक सभा होती. शैलेंद्रला सन्मानाची पाटी द्यायची ठरली. टाळ्या, छायाचित्र, सगळं. आदल्या संध्याकाळी तो खाली गेला. या वेळी हातात डबा नव्हता. काका टेबलाशी बसून जुने रबरी मासे निवडून खोक्यात भरत होते, क्लबातल्या कुणाला तरी द्यायला.

तो बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, "काका, धुक्यामुळे नाही. मी आकडा उलटा सांगितला. चोवीसच्या जागी बेचाळीस. तुमची वीस मिनिटं माझ्यामुळे गेली."

काकांनी मासा खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "मी तिथेच पडलो होतो ना. तू सांगितलास तेव्हाच ऐकलं. तुझी बाही ओढत होतो. तोंडातून शब्द निघत नव्हता."

शैलेंद्रला पहिल्यांदा राग आला. तीन महिने. तीन महिने आपण आतल्या आत जळत होतो आणि या माणसाला सगळं ठाऊक होतं. केसकाका ज्याच्या त्याच्या तोंडावर बोलणारे. नीलांबरीच्या खिचडीत मीठ कमी असलं तर तेसुद्धा सांगणारे. मग हेच का नाही बोललात, असं त्याने विचारलं.

काकांनी समोरची खुर्ची पायाने पुढे सरकवली.

"बोललो असतो तर तू दर शनिवारी माफी मागायला आला असतास," ते म्हणाले. "मला तू नुसता आलेला हवा होतास."

शैलेंद्र खुर्चीत बसला आणि लहान पोरासारखा रडला. काकांनी त्याला थांबवलं नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही. त्याचं होईपर्यंत ते वाट बघत राहिले. मग त्यांनी त्याचा उजवा हात धरून उलटा केला. तळहातावर दोरीचा वळ अजून होता, पांढुरका, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.

"उद्या ती पाटी घे," त्या वळावर बोट ठेवत ते म्हणाले. "आकड्याची नको घेऊ. ह्याची घे."