धुळ्याच्या फायनलमधला गोल माझा नव्हता

आमच्या भुसावळच्या फुटबॉल क्लबचा इतिहास मी लिहावा, असं आताच्या पोरांनी ठरवलं. जुन्यांपैकी लिहू शकणारा मीच उरलोय. तो स्मरणिकेत छापायचा आणि त्याच दिवशी माझा सत्कार करायचा, धुळ्याच्या फायनलमध्ये जिंकून देणारा गोल केला म्हणून. क्लबच्या खोलीतल्या पाटीवर त्या गोलासमोर माझं नाव आहे. तो गोल मी केलेला नाही.

त्या फायनलला मी मैदानात उतरलोच नाही. दुसऱ्या सेमीफायनलमध्ये धुळ्याच्या संघाच्या बॅकने समोरच्या एकाची नडगी मोडली होती. तो आवाज मी प्रेक्षकांत बसून ऐकला होता, कपाशीची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा. आता त्याच्यासमोर मी खेळणार होतो. सकाळी बूट बांधताना नाडीची गाठ बसेना. पाय मुरगळला, असं मी सांगितलं आणि पट्टी बांधून घेतली.

खेळाडूंची यादी आधीच दिलेली होती. यादीत नसलेला एकच जण आमच्यासोबत आला होता. तो सोनगीरचा. भुसावळला मालधक्क्यावर हमाली करायचा आणि संध्याकाळी आमच्यात खेळायचा. मॅनेजर त्याला म्हणाला, "याच्या नावावर तू उतर. कोण बघतंय?"

माझा शर्ट चढवत तो हसला. "भाऊ, गोल व्हयना तं तुना, मार बसना तं मना!"

गोल त्याने केला. पुढच्या पाचच मिनिटांत त्या बॅकने त्याला पाडलं. पुन्हा तोच आवाज. पट्टी बांधलेल्या पायाने मी लाइनीबाहेरून त्याच्याकडे पळत सुटलो.

हॉस्पिटलातही त्याचं नाव म्हणून माझंच नाव लिहिलं. खरं कळलं असतं तर कप गेला असता. दुसऱ्या दिवशी मी औषधं घेऊन येत होतो, तर चौकशीच्या खिडकीशी त्याचे वडील उभे. निरोप मिळून सोनगीरहून आले होते. "मना पोऱ्या शे आठे. पाय मोडना त्याना."

कारकुनाने रजिस्टर दोनदा पाहिलं. "बाबा, या नावाचं कोणी नाही इथे."

"मरी तं नहीं ना गया?"

कारकून पुढच्या माणसाशी बोलू लागला. म्हातारा वळला, तर समोर मी. "भाऊ, तुले माहीत शे का?"

मी नकाराची मान हलवली. ते टोपी हातात घेऊन पायऱ्या उतरून गेले. त्यांचा मुलगा आतल्या तिसऱ्या खाटेवर होता.

प्लास्टर घालून तो घरी पोचला तो चार दिवसांनी. पुन्हा हमाली त्याला झाली नाही.

गेल्या आठवड्यात मी सोनगीरला गेलो. हायवेवर उतरलो, किल्ला दिसला. परतीची बस उभी होती. तिच्या पायरीवर मी एक पाय ठेवलाही होता.

तो ओट्यावर पाय लांब करून बसला होता. आधी मी स्मरणिकेचं आणि सत्काराचं सांगितलं, मग मुरगळलेल्या पायाचं खरं. तो हसायलाच लागला. "मुरगळेल पायवर असा कोन पयस रे? तू पयत उना, तवयच समजनं माले."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशी म्हनीसन वाट देखत व्हतू."

मग मी वडिलांचं सांगितलं. त्याचं हसू थांबलं. त्याच्या बायकोने चहा आणून ठेवला. माझा कप त्याने माझ्याकडे सरकवला नाही.

"बाप मरेपावत सांगे," तो म्हणाला, "तठे एक पोऱ्या व्हता, त्यानी मान हालाई. तो तू?"

"मीच."

"मना पायनं लिखू नको. बापनं लिख. अन् सत्कारना दिन बठ्ठा लोकेससमोर तूच वाच. मी येसू ऐकाले."

स्टेजला पायऱ्या आहेत आणि त्याचा पाय वाकत नाही. म्हणून कार्यक्रम खाली मैदानावर घ्या, पुढची खुर्ची मोकळी ठेवा, असं मी पोरांना कळवलंय. कार्यक्रमाला अजून काही दिवस आहेत. आजारी असल्याचा निरोप पाठवावा, असं कालपासून तीनदा मनात आलं. म्हणून हे कागद आजच छापायला देतोय.