मामांचे पत्ते आणि माझा सुका कचरा

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात एकच गोष्ट स्वतःच्या डोक्यानं बनवली होती, आणि ती मी सुका कचरा म्हणून शाळेत जमा केली. वर त्याबद्दल टाळ्याही घेतल्या.

मी सोलापुरातल्या एका शाळेत पाचवीला शिकवते. कचऱ्याचे नवे नियम आले तेव्हा मुख्याध्यापिका बाईंनी मीटिंगमध्ये विचारलं, "वर्गीकरणाचं काम कोण बघणार?" सगळा स्टाफ एकदम आपापल्या चहाच्या कपात बघायला लागला. माझा चहा संपला होता, म्हणून मी वर बघितलं. (एवढ्यावर माणसाची नेमणूक होते!) झाले मी 'कचरा समन्वयक'.

काम मात्र जीव लावून केलं. ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा (बल्ब, बॅटऱ्या, जुनी औषधं), असे चार डबे मांडले. मुलांकडून एवढं पाठ करून घेतलं, की एका आईची तक्रार आली, "मॅडम, आमचा पोरगा झोपेत 'विशेष काळजी, विशेष काळजी' असं ओरडतोय. डॉक्टरला दाखवू का?"

मग कळलं की तपासणीला पथक येणार. ठरलं असं : प्रत्येक शिक्षकानं घरून स्वच्छ सुका कचरा आणायचा, त्यातल्या पुठ्ठ्याचे बिल्ले करायचे, आणि ते लावून मुलांची नवी पेठेतून फेरी काढायची. आता समन्वयकाचं पोतं सगळ्यात मोठं नको का? मी पदर खोचून घरच्या माळ्यावर चढले.

माळ्यावर एक गठ्ठा होता. जाड पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्या, दोरीनं एकमेकींना ओवलेल्या, सगळ्या भोकाभोकांच्या. बारा वर्षं दर दिवाळीला मी त्याच्यावरची धूळ झटकत होते आणि दर दिवाळीला मनात म्हणत होते, हे काय आहे कुणास ठाऊक. ज्यांना ठाऊक होतं ते माझे सासरे खाली खुर्चीत पेपर वाचत बसले होते! एक हाक मारायची होती. "मामा, हे काय आहे?" चार शब्द. (मी त्यांना मामा म्हणते.) पण समन्वयकाला वेळ कुठं होता? गठ्ठा पोत्यात घातला, पोतं रिक्षात घातलं.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला मला बोलायला सांगितलं. मी तो गठ्ठाच हातात धरून उभी राहिले. "मुलांनो, हे बघा. भोकं पडलेला पुठ्ठा! कुठल्या कामाचा नाही, तरी माणसं असल्या वस्तू वर्षानुवर्षं घरात का साठवतात?" मुलं हसली. टाळ्या वाजल्या. कुणीतरी माझा फोटो काढला.

चित्रकलेचे कोळी सर तर गठ्ठा बघून खूष! "मॅडम, भोकं आयती आहेत. दोरा ओवायचं काम वाचलं की!" त्यांनी दोरी कापली, एकेका पट्टीचे दोन दोन तुकडे केले, त्यांवर हिरव्या रंगात 'ओला वेगळा, सुका वेगळा' लिहिलं आणि सगळ्या मुलांच्या गळ्यात अडकवलं. फेरी झकास झाली. घोषणा ऐकून कापडाच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली. परत आल्यावर मुलांनी मी शिकवल्याप्रमाणे गळ्यातले बिल्ले काढले, रांग लावली आणि सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. गाडी आली, डबा घेऊन गेली. मला भरून आलं! मधल्या सुट्टीत मी माझा गठ्ठ्यासकटचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला.

दोन मिनिटांत मामांचा फोन.

"सविता, तुज्या हातात काय हाय ते?"

"कचरा, मामा."

"माजे पत्ते हायेत ते."

"पत्ते? तुम्ही पत्ते खेळता?"

"खेळायचे न्हाईत, मागाचे! चादरीवर नक्षी उठती ती ह्या भोकांवरनं उठती. ती नक्षी म्या बसवलीया. हायेत का टाकलेस?"

मी "आहेत" म्हणाले. का म्हणाले, देव जाणे.

मामा मूळचे वैरागचे. तरुणपणी सोलापुरात आले, चादरीच्या कारखान्यात लागले आणि जन्मभर मागापाशी उभे राहिले, एवढं मला माहीत होतं. ते नक्षी काढत, हे मला त्या दिवशी मधल्या सुट्टीत कळलं. अर्ध्या तासात ते रिक्षानं शाळेच्या फाटकात हजर. एका पायात त्यांची चप्पल, दुसऱ्या पायात माझ्या नवऱ्याची.

"कुटं हायेत?"

मी सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "कापले व्हय?"

मी सुका कचरा निवडण्याच्या केंद्रावर फोन लावला. तिथला माणूस फार आदरानं बोलला. "मॅडम, तुमच्या शाळेचा माल एक नंबर असतो! निवडायला लागत नाही, आला की थेट मशीनमध्ये दाबतो. आत्ताच गठ्ठे बांधून गाडी रवाना केली."

"आणि मिसळलेला असता तर?"

"तर काय, आठ दिवस हितंच पडून राहिला असता!"

आता एकच आशा उरली होती. ज्या मुलांनी माझं ऐकलं नव्हतं, ती! फेरीतच बिल्ला काढून रस्त्यावर फेकणारी चार दोन कार्टी प्रत्येक वर्गात असतात. वर्षभर मी त्यांच्यावर ओरडत आले होते. त्या दुपारी नवी पेठेत मी मनातल्या मनात त्यांना हात जोडले.

मामा एका कडेनं, मी दुसऱ्या कडेनं, दोघं वाकून रस्ता शोधत निघालो. एका दुकानदारानं विचारलं, "बाई, काय पडलं? सोन्याचं काय?"

"नाही हो, पुठ्ठा."

तो दोन पावलं मागं सरकला. रिक्षावाला ओरडला, "क्या मॅडम, कचरा चुन रे क्या?" तेवढ्यात एका पालकानं मला ओळखलं. "अहो, या शाळेच्या मॅडम! नुसतं मुलांना सांगत नाहीत, स्वतः रस्ता साफ करतात!" झालं! लोक मोबाइल काढून व्हिडिओ घ्यायला लागले. त्या दुकानदाराला तर एवढी स्फूर्ती आली, की त्यानं झाडू आणून दुकानापुढचा रस्ता लख्ख झाडला आणि मी पोचायच्या आत सगळं उचलून ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

"चुकीच्या डब्यात टाकलंत!" मी किंचाळले. डब्यात कोपरापर्यंत हात घालून दोन तुकडे काढले, एकाला केळं चिकटलेलं. लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळपर्यंत अकरा तुकडे मिळाले. घरी मी ते ओल्या फडक्यानं पुसले. मामांनी चष्मा लावला, कडेचे आकडे बघून ते टेबलावर ओळीनं मांडले आणि भोकांवरून बोट फिरवत राहिले.

"ही पोपटाची चोच. ही शेपटी. मदलं कायच न्हाय."

"पोपट होते, मामा?"

"जोडी हुती. रातपाळी करून दिवसा कागदावर चौकटी भरायचो. मालकानं नमुन्याची एक चादर इणली, बघितली, आन् म्हणला, हे पोपट हायेत का वांगी? सगळी हसली. परत ती नक्षी लावलीच न्हाय मागावर. ती चादर पन कुटं गेली कुनाला ठावं."

"मग पत्ते का जपलेत?"

मामांनी चोचीचा तुकडा बोटानं सरळ केला. "बाकी सगळं दुसऱ्याच्या नक्षीचं इणलं की," ते म्हणाले. "माजं म्हणायला एवडंच हुतं."

मी माफी मागितली. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. "तुला कुटं म्हाईत हुतं." हेच तर मला लागलं. बारा वर्षं एका घरात, ताटाला ताट लावून जेवून, मला माहीत नव्हतं. त्यांनी तुकडे रुमालात बांधले आणि माळ्यावर नाही, उशाशी ठेवले.

तपासणीत आमच्या शाळेला 'उत्कृष्ट' शेरा मिळाला, नवी पेठेतला व्हिडिओ बघून पथकानं माझं खास कौतुक केलं. मी घरी सांगितलं नाही.

तेव्हापासून घरातली एक वस्तू मी विचारल्याशिवाय टाकत नाही. परवा भाजी चिरताना कांद्याची साल हातात घेऊन मी बाहेर गेले. "मामा, ही टाकू का?"

मामांनी सालीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पेपरात तोंड खुपसत म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

मी, शाळेची कचरा समन्वयक, ती साल डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवली आहे. चार दिवस झाले. ते थट्टा करत होते का, हे विचारायचं अजून धाडस होत नाही.