महामायाच्या नावातला म

लग्नाआधी दाराशेजारच्या भिंतीवर नवरानवरीची नावं रंगवायची, ही आमच्या अर्धापूरची जुनी रीत. आणि रंगवायची ती आनंदराज पेंटरनंच. केळीच्या ट्रकांवर बसून त्याची अक्षरं पार दिल्लीला जाऊन यायची. तो स्वतः मात्र नांदेडच्या पुढं गेला न्हाई, हे शेजारधर्म म्हणून मी त्याला रोज ऐकवतो.

आता त्याचा हात थरथरतो. आणि यंदा लग्न त्याच्याच लेकीचं, महामायाचं. "गावच्या पोरींची नावं काढली, माझीच तेवढी राहिली," म्हणत तो आमच्या ओट्यावर चहा गार करत बसायचा.

महामाया नांदेडला फ्लेक्सच्या दुकानात कंप्युटरवर असते. ती म्हणाली, "तुमच्याच अक्षरांत नावाचा फ्लेक्स करते, बाबा." पण गल्लीतल्या जुन्या भिंतींवर नवा रंग चढलेला. धड उरली ती आमची, आमच्या लग्नातली. माझी बायको पार्वतीबाई तिला चुना लागू देत न्हाई. पोरीनं भिंतीचा फोटो काढला, पडद्यावर मोठा केला, तर अक्षरांच्या कडांना पायऱ्याच पायऱ्या!

"अक्षरं हायत का बारव?" आनंदराज खवळला.

"फोटोत नुसते ठिपके असतात, बाबा. मोठं केलं की ठिपकेच फुगतात."

मग तिनं अक्षरांच्या कडेनं मोजके बिंदू टाकून वळणं बसवली. "आता कंप्युटर वळण ध्यानात ठेवतो. माप सांगाल तशी रेघ नव्यानं ओढतो, आत रंग भरतो. कडेला फिकट ठिपके ठेवतो, म्हणून नजरेला गुळगुळीत दिसतं."

"आधी खडू, मग रंग, शेवटी कडेनं सुकत आलेला ब्रश. माझंच काम चोरून राहिलाय की गं हा!"

"ठाण्यात जा," मी म्हणालो.

बाकीची अक्षरं इकडून तिकडून जमली. अडला तो 'म'. माझ्या नावातला म लाईटच्या मीटरखाली गेलाय. मीटर बसल्यापासून भिंतीवर मी 'ल्लिकार्जुन' म्हणूनच नांदतो. शेवटी आनंदराजनंच कागदावर काढला. दांडी हलली, पोट हललं.

"हे हललेलं पूस. दोन बिंदू उडवले की सरळ होतंय ना?"

"होतंय," महामाया म्हणाली.

लग्नाच्या दिवशी मंडपाच्या दारात 'मंगल परिणय'खाली माणसाएवढं महामायाचं नाव झळकलं. कडा लोण्यासारख्या, फक्त दोन्ही म हललेले.

आनंदराज त्या वळणावरून बोट फिरवत राहिला. "पुसायला सांगितलं होतं."

"ऐकलं होतं मी," नवरी म्हणाली.

मी तोंड उघडणार, तोच पार्वतीबाईचं कोपर बरगडीत बसलं.